माघारीनंतर परत येणारे: ज्यू-अरब समेटातले ख्रिस्ती काम

नगर जिल्ह्यातील एका मंडळीच्या तरुण संघाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इस्राएल आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यू व अरब यांच्यात समेट घडावा म्हणून काही ख्रिस्ती संस्था काम करतात. त्यांपैकी एकीला मंडळीने दरवर्षी मदत द्यावी आणि दोन तरुणांना काही आठवड्यांच्या सेवेसाठी पाठवावे, असा विचार चालू आहे. परंतु मंडळीतील वडीलधारे दोन शंका काढतात: हे मिशनचे काम असेल तर त्याचा खरा हेतू धर्मांतर तर नाही ना, आणि जिथे इतकी वर्षे रक्त सांडते आहे तिथे शिबिरे भरवून नेमके साधते काय? बेथलेहेम आणि जेरुसलेम यांच्या दरम्यान अशा गटांबरोबर मी बरीच वर्षे काम केले आहे. दोन्ही शंका मला रास्त वाटतात आणि दुसरी अधिक अवघड आहे, म्हणून पहिलीचा निकाल आधी लावतो.

इस्राएलमध्ये धर्मप्रसारावर सरसकट बंदी नाही. मात्र 1977 च्या कायद्यानुसार पैसा किंवा अन्य लाभ देऊन कोणाला धर्म बदलायला लावणे हा गुन्हा आहे आणि देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यापेक्षा आठवण मोठी असते, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. आपल्याला जो क्रूस आशेचे चिन्ह वाटतो तोच क्रूस युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांना सक्तीचा बाप्तिस्मा, जाळपोळ आणि हकालपट्टी यांची आठवण देतो. म्हणून या क्षेत्रात टिकलेल्या बहुतेक ख्रिस्ती कामांनी सुरुवातीलाच आपली मर्यादा जाहीर केली. पश्चिम गालीलात नहारियाजवळ 1963 मध्ये डच व स्विस प्रोटेस्टंटांच्या पुढाकाराने नेस अम्मीम ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. ज्यूंच्या संहाराबाबत युरोपीय ख्रिस्ती समाजाने आत्मपरीक्षण करावे या भावनेतून ती निघाली होती, तरीही तिला देशात कडाडून विरोध झाला. 'हे मिशनरी आहेत' हाच आक्षेप होता. आम्ही कोणाचे धर्मांतर करणार नाही, अशी हमी संस्थापकांनी दिली. त्या वसाहतीने पुढे गुलाबाची शेती केली, पाहुण्यांसाठी उतारा बांधला, आणि आज तिथे ज्यू व अरब गटांच्या संवादसभा भरतात.

महाराष्ट्रातील माणसाला हा अनुभव अगदीच परका नसावा. मुंबई आणि कोकणातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाशी अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळून संबंध आला. विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, आणि मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली व शिक्षकही झाली. ख्रिस्ती झालेले फार थोडे. बहुतेकांना मिशनरींच्या हातून मिळाली ती त्यांच्याच पूर्वजांची भाषा आणि त्यांचाच धर्मग्रंथ, तोही मराठीत. मिशनरींनी योजले होते एक आणि झाले भलतेच, आणि माझ्या मते त्या सगळ्या उद्योगातले तेच सर्वांत टिकाऊ फळ ठरले. समेटाच्या कामात शिरणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हे उदाहरण खिशात ठेवावे: तुमच्या हातून दुसऱ्याला त्याचे स्वतःचे काही परत मिळाले, तर काम वाया गेले असे होत नाही.

आता दुसरी शंका. तिचे उत्तर देण्याआधी समेट कोणाकोणात करायचा हे सांगितले पाहिजे, कारण 'ज्यू' आणि 'अरब' हे दोन शब्द पुरेसे नाहीत. इस्राएलच्या लोकसंख्येत सुमारे एक पंचमांश अरब नागरिक आहेत. त्यांना मत आहे, पासपोर्ट आहे आणि बहुतेकांना उत्तम हिब्रू येते. वेस्ट बँकेतील पॅलेस्टिनी माणूस इस्राएलच्या लष्करी अमलाखाली राहतो आणि त्याला जेरुसलेमला येण्यासाठी परवाना लागतो. गाझातील माणूस तर वर्षानुवर्षे या बैठकांना पोहोचूच शकलेला नाही. इस्राएलमध्ये ख्रिस्ती लोक सुमारे दोन टक्के, त्यांतील बहुसंख्य अरब. वेस्ट बँक आणि गाझामध्ये त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूला येशूला मसीहा मानणाऱ्या ज्यूंची, म्हणजे मेसियानिक ज्यूंची, छोटी मंडळे आहेत. ज्यू समाजात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते, पण त्यांची मुले सैन्यात जातात आणि त्यांतील पुष्कळांचा या भूमीवरील ज्यूंच्या हक्काबद्दलचा विश्वास ठाम असतो. एकाच प्रभूचे नाव घेणारे पॅलेस्टिनी ख्रिस्ती आणि हे मेसियानिक ज्यू एकमेकांच्या शेजारी बसले, तर बाकीच्यांना निदान काही दाखवता येईल, या विचारातून सलीम मुनायर यांनी 1990 मध्ये 'मुसालहा' ही संस्था सुरू केली. मुनायर हे लोद शहरातले, इस्राएलचे पॅलेस्टिनी नागरिक, आणि बेथलेहेम बायबल कॉलेजातले अध्यापक. मुसालहा या अरबी शब्दाचा अर्थच समेट. उर्दू-हिंदीतला 'सुलह' त्याच धातूचा.

मुसालहाने पहिल्यापासून माणसांना वाळवंटात नेले. कारण साधे आहे. शहरातील कोणतीही खोली कोणाची तरी असते. वाळवंटात यजमान कोणीच नसतो. उंट दोघांत एक, पाणी मोजून, तंबू एकत्र. चालून थकलेल्या माणसाला भाषण करायचे बळ उरत नाही आणि तो शेजाऱ्याचे नाव विचारतो. ही युक्ती उत्तम आहे आणि मी तिचा चाहता आहे. पण या युक्तीने समेट होतो असे जो समजेल तो फसेल, आणि मी स्वतः फसलो होतो.

माझ्या पहिल्या काही शिबिरांपैकी एकात दुसऱ्याच संध्याकाळी मी पाय धुण्याचा विधी ठेवला. योहानाच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला, घंगाळे आणि टॉवेल मांडले, आणि बेथलेहेमच्या एका तरुणाने समोरच्या ज्यू तरुणाचे पाय धुतले. दोघेही रडले. आम्हीही रडलो. कोणीतरी फोटो काढला, तो परदेशातल्या देणगीदारांना गेला आणि पुढच्या शिबिराचा खर्च निघाला. दुसऱ्या दिवशी जेवताना सहज बोलण्यातून कळले की तो ज्यू तरुण तीन महिन्यांनी सैन्यात भरती होणार आहे. बेथलेहेमचा मुलगा गप्प राहिला, रात्री मला म्हणाला, "मी त्याचे पाय धुतले. आता तो तेच पाय बुटात घालून माझ्या दारात येणार." सकाळी तो निघून गेला आणि दोन वर्षे आमचा फोन उचलला नाही. चूक त्या विधीची नव्हती. तो मी पहिल्या टप्प्यात वापरला, जिथे त्याचे काहीच काम नव्हते, आणि ज्याच्या हाती सत्ता नाही त्यालाच मी वाकायला लावले.

टप्पा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मुसालहाच्या अनुभवातून मुनायर यांनी समेटाच्या वाटचालीचे सहा टप्पे मांडले आहेत: ओळख होणे, मन मोकळे करणे, माघार घेणे, आपली ओळख पुन्हा सापडणे, बांधिलकीने परतणे, आणि मग काही पाऊल उचलणे. कोणतीही अशी मांडणी कागदावर असते तितकी सरळ प्रत्यक्षात चालत नाही, पण तिसऱ्या टप्प्याला त्यांनी नाव दिले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ओळख झाली की लोकांना वाटते आता बोलता येईल. बोलणे सुरू झाले की इस्राएलच्या स्थापनेचे आणि युद्धाचे 1948 साल निघते, जमीन निघते, बसमधला स्फोट निघतो, तुरुंगातला भाऊ निघतो. आणि मग एक दिवस खुर्च्या रिकाम्या राहतात. नवख्या कार्यकर्त्याला वाटते काम बुडाले. वास्तविक त्याच दिवशी काम सुरू झालेले असते, कारण माणूस खोट्या मैत्रीतून बाहेर पडलेला असतो. माघार घेतलेल्यांपैकी किती जण परत आले आणि परत येताना काय घेऊन आले, यावरून मी कोणत्याही संस्थेचे मोजमाप करतो. मिठी मारलेले फोटो हे पहिल्या टप्प्याचे असतात आणि देणग्या बहुधा त्यांवरच मिळतात, ही या क्षेत्राची जुनी व्याधी आहे.

खोलीत प्रत्यक्ष काय घडते ते सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. पंधरा-सोळा माणसे गोल बसलेली असतात. इस्राएली अरबांना हिब्रू येते, ज्यूंना अरबी क्वचितच, त्यामुळे कोणी काही ठरवले नाही तर सभा आपोआप हिब्रूत चालते आणि वेस्ट बँकेतील माणसाला ती त्याच भाषेत ऐकावी लागते जी त्याने लष्कराच्या तपासणी नाक्यावर ऐकली आहे. त्या नाक्याला तो अरबी बोलतानाही 'माहसोम' हा हिब्रूच शब्द वापरतो. म्हणून आमचा नियम असा की प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत बोलावे, दुभाषा मध्ये बसेल, आणि बोलणारा 'मी' म्हणाला तर दुभाषाही 'मी'च म्हणेल. यात वेळ दुप्पट जातो. तो जावाच, कारण भाषांतर होईपर्यंत ऐकणाऱ्याला उत्तर फेकता येत नाही.

एकदा आमच्या दुभाषाने, अगदी सद्हेतूने, घोळ केला. ज्यू वक्ता 1948 ला 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणाला आणि दुभाषाने अरबीत 'नकबा' म्हटले, म्हणजे महासंकट. उलट दिशेनेही तो तसेच करत राहिला. अर्धा तास सभा विलक्षण शांततेत चालली आणि मला वाटले आज फार छान चालले आहे. मग दोन्ही भाषा येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "हे दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत. प्रत्येकाला आपलाच शब्द परत ऐकू येतो आहे." 1857 ला एकाने 'बंड' म्हणावे आणि दुसऱ्याने 'स्वातंत्र्यसमर', आणि मधल्या माणसाने भांडण नको म्हणून शब्द बदलत राहावे, तसेच हे. त्या दिवसापासून आमच्याकडे दुभाषांना शब्द मऊ करण्याची मुभा नाही. ज्याला 'नकबा' ऐकवत नाही त्याला तो ऐकावा लागतो. त्या साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांतून गेले किंवा घालवले गेले, ही गोष्ट सौम्य शब्दाने लहान होत नाही. तसेच ज्यूंचा संहार हा युरोपचा प्रश्न, आम्हाला काय त्याचे, असे म्हणणाऱ्या अरबालाही बसून ऐकावे लागते.

याबाबतीत मला सर्वांत धाडसी वाटणारे पाऊल नाझरेथच्या एका अरब धर्मगुरूचे आहे. अबूना, म्हणजे फादर, एमिल शुफानी हे मेल्काइट कॅथलिक पाळक आणि तेव्हा तिथल्या सेंट जोसेफ शाळेचे मुख्याध्यापक होते. 2003 मध्ये, दुसरा इन्तिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, चालू असताना, त्यांनी इस्राएलमधील अरब आणि ज्यू अशा शेकडो लोकांना एकत्र ऑशविट्झला नेले. त्यांच्याच समाजातील अनेकांनी विचारले की आमच्या दुःखाकडे कोणी पाहत नसताना आम्ही त्यांच्या दुःखाकडे का पाहावे. मोबदल्यात ज्यूंनीही नकबा मान्य करावा अशी अट शुफानींनी घातली नाही, आणि अट न घातल्यामुळेच त्या प्रवासाला वजन आले. त्याच वर्षी त्यांना युनेस्कोचा शांतिशिक्षणाचा पुरस्कार मिळाला. आता इथे माझे मत सांगतो. अशी बिनशर्त कृती दुबळ्या बाजूच्या माणसाने स्वतःहून केली तर ती उदात्त असते, पण बाहेरच्या मिशनने त्याच्याकडे तिची मागणी केली तर तो अन्याय होतो. माझ्या घंगाळ्याच्या प्रसंगात आणि शुफानींच्या प्रवासात फरक नेमका एवढाच आहे.

उलट दिशेचा प्रवासही लागतो. लेबनॉनच्या सीमेजवळ बिराम नावाचे मारोनाइट ख्रिस्ती गाव होते. 1948 मध्ये सैन्याने ते रिकामे करवले, थोड्या दिवसांत परत या असे सांगितले, आणि 1953 मध्ये घरे बॉम्ब टाकून पाडली. गावकरी इस्राएलचेच नागरिक, पण आजतागायत त्यांना तिथे वसता आलेले नाही. चर्च तेवढे उभे आहे. अवशेषांभोवती राष्ट्रीय उद्यान आहे. गावकऱ्यांची पुढची पिढी लग्नासाठी आणि मृतांना माती देण्यासाठी तिथे येते. ज्यू सहभागींना अशा जागी नेले की ते बहुधा वाद घालत नाहीत. एखाद्या पडक्या घरासमोर उभे राहून 'हे आमच्या आजोबांचे' असे सांगणारा माणूस स्वच्छ हिब्रू बोलतो आणि त्याच्या खिशात त्यांच्यासारखेच ओळखपत्र असते, याचाच त्यांना धक्का बसतो.

समेटाचा देशी मार्गही तिथे आहे आणि पाश्चात्त्य संस्था त्याचे फार कौतुक करतात. अरब गावांत खून किंवा मारामारी झाली की मान्यवरांचे मंडळ, म्हणजे 'जाहा', अपराध्याच्या वतीने पीडित कुटुंबाकडे जाते. आधी 'अतवा', म्हणजे तहाची आगाऊ रक्कम, देऊन सूड थांबवला जातो, भरपाई ठरते, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर हस्तांदोलन होते, पांढऱ्या कापडाला गाठी मारल्या जातात, कडू कॉफी आणि एकत्र जेवण होते. याला 'सुल्हा' म्हणतात आणि गालीलात ख्रिस्ती, मुसलमान व द्रूझ तिन्ही समाजांत ती चालते. पण सुल्हा उभी राहते ती अपराध घडल्याच्या कबुलीवर आणि मध्यस्थांना दोन्ही घरे मानतात या गृहीतावर. ज्यू-अरब प्रश्नात कबुलीच नाही आणि सर्वमान्य मध्यस्थही नाही. त्यामुळे सुल्ह्याची कॉफी उचलून शिबिरात आणणे म्हणजे लग्न न ठरताच अक्षता वाटण्यासारखे आहे. सुल्ह्याकडून घेण्यासारखे दुसरेच आहे: मध्यस्थ घाई करत नाहीत, महिनोन्महिने फेऱ्या मारतात, आणि पहिल्या फेरीला पीडित कुटुंबाने दारातून परत पाठवले तर त्याचा अपमान मानत नाहीत.

ख्रिस्ती गटांत आणखी एक गाठ असते जी बाहेरून दिसत नाही. एकत्र उपासना सुरू झाली की पॅलेस्टिनी भाऊ 'अल्ला' या नावाने प्रार्थना करतो, कारण अरबी बायबलमध्ये देवाला तोच शब्द आहे, आणि काही ज्यू विश्वासणारे दचकतात. मग स्तोत्र म्हटले जाते, त्यात 'इस्राएल' येते, आणि पॅलेस्टिनी बहिणीचे ओठ थांबतात, कारण तिला तो शब्द शासनाचे नाव म्हणून ऐकू येतो. कनान देश जिंकल्याची कथा सांगणाऱ्या यहोशवाच्या पुस्तकाबद्दल तर बोलायलाच नको. इफिसकरांस पत्रातील मधली आडभिंत पाडल्याचा उतारा दोन्ही बाजूंना पाठ असतो, आणि बेथलेहेमच्या अलीकडे प्रत्यक्ष काँक्रीटची भिंत असल्यामुळे तो तिथे नुसता आध्यात्मिक अर्थाने वाचता येत नाही. 2016 च्या जानेवारीत सायप्रसमधील लार्नाका येथे, लोझान या जागतिक इव्हँजेलिकल चळवळीच्या पुढाकाराने, पॅलेस्टिनी इव्हँजेलिकल आणि मेसियानिक ज्यू पुढाऱ्यांनी मिळून एक निवेदन काढले. एकमताच्या मुद्द्यांसोबत भूमी आणि भविष्यवाण्या यांबद्दलचे आपले मतभेदही त्यांनी त्यात मोकळेपणाने नोंदवले, आणि म्हणूनच मला ते आवडते. मतभेद लिहून सही करणे हे पाय धुण्याइतके छायाचित्रात उठून दिसत नाही.

पुरोहिताने सुरू केलेले आणि पुरोहिताच्या हातून सुटलेले काम पाहायचे असेल, तर जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या दरम्यान लात्रूनजवळ नेवे शालोम किंवा वाहत अल-सलाम हे गाव आहे. नाव यशयाच्या बत्तिसाव्या अध्यायातले. हिब्रूत अर्थ शांतीचे निवासस्थान, अरबीत शांतीचे मरूद्यान. ब्रूनो हुसार हे डॉमिनिकन धर्मगुरू इजिप्तमध्ये ज्यू कुटुंबात जन्मले, पुढे ख्रिस्ती झाले आणि इस्राएलचे नागरिक बनले. लात्रूनच्या ट्रॅपिस्ट मठाकडून त्यांनी 1970 च्या सुमारास भाडेपट्ट्याने एक ओसाड टेकडी घेतली. त्यांना तिथे धर्मांचा संवाद हवा होता. राहायला आलेल्या ज्यू आणि अरब कुटुंबांपैकी बऱ्याच जणांना धर्मात फारसा रस नव्हता; त्यांना समान वाटा असलेले गाव आणि दोन भाषांची शाळा हवी होती, आणि हुसार यांनी ते होऊ दिले. आज तिथे ज्यू आणि अरब कुटुंबे साधारण निम्मी निम्मी आहेत, द्विभाषिक शाळा आहे, प्रौढ गटांना शिकवणारी शांतिशाळा आहे, आणि हुसार यांच्या मूळ कल्पनेची खूण म्हणून शांत बसण्याचे एक पांढरे गोलाकार घर आहे.

या गावाचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ आहेत. मला त्याची खरी ओळख पटली ती एका पाटीच्या भांडणातून. 1997 च्या फेब्रुवारीत दोन लष्करी हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून 73 इस्राएली सैनिक मरण पावले. त्यांत या गावात वाढलेला एक मुलगा होता. गाव रडले. मग त्याच्या आईवडिलांना आणि मित्रांना गावात त्याच्या नावाची पाटी हवी झाली, आणि अरब शेजाऱ्यांनी विचारले की लेबनॉनकडे निघालेल्या सैनिकाचे स्मारक आमच्या मुलांच्या खेळाच्या मैदानावर कसे लावायचे. त्याच मुलाला त्यांनी लहानपणी मांडीवर घेतले होते. वाद फार काळ चालला, काही नाती कायमची सैल झाली, आणि अखेर बास्केटबॉलच्या मैदानावर एक पाटी लागली. भाडेपट्टा, शाळा, समान वाटा, सगळे असूनही हे टळले नाही. गाव फुटले नाही, एवढेच. 2020 मध्ये त्यांच्या शांतिशाळेच्या इमारतींना आगी लागल्या तेव्हाही ते परत बांधायला उभे राहिले.

आता सध्याची स्थिती. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे 1200 माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या हजारो. गाझा शहरातील सेंट पोर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारात आश्रय घेतलेले लोकही त्याच ऑक्टोबरात हवाई हल्ल्यात मेले, आणि गाझाचा ख्रिस्ती समाज जेमतेम हजाराचा होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या आघाताचा आकार कळतो. वेस्ट बँकेतील लोकांचे परवाने बहुतांशी रद्द झाले. इस्राएली नागरिकांना 'अ' क्षेत्रात, म्हणजे वेस्ट बँकेच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या ताब्यातील भागात, जाण्यास लष्कराची मनाई आधीपासूनच आहे, तशा लाल पाट्या रस्त्यावर लावलेल्या आहेत. त्यामुळे दोघांनाही पोहोचता येईल अशा जागा पूर्वीही मोजक्याच होत्या. बेत जालातील तालिथा कुमी ही जुनी लुथरन शाळा त्यांपैकी एक, कारण ती नेमकी हद्दीवर आहे. पण जागा असली तरी माणसे येईनात. कित्येक गटांनी एकत्र सभा बंद ठेवून ज्यूंच्या वेगळ्या आणि अरबांच्या वेगळ्या बैठका घेतल्या. काही देणगीदारांनी यावर नाराजी दाखवली की आम्ही समेटासाठी पैसे दिले होते. माझ्या मते त्या काळात तेच योग्य होते. जखम ताजी असताना समोरासमोर बसवणे ही क्रूरता आहे, आणि आपल्या माणसांत आपला राग मोकळेपणाने बोलल्याशिवाय समोरच्याचे ऐकण्याची ताकद येत नाही.

सहभागींची सुरक्षितता हा विषय मदत देणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा. पॅलेस्टिनी समाजात अशा बैठकांना जाणाऱ्यावर 'ततबी'चा आरोप होतो, म्हणजे अन्याय तसाच ठेवून संबंध सुरळीत असल्याचा देखावा करण्याचा. आरोप नेहमीच खोटा नसतो. वर्षानुवर्षे नुसती शिबिरे भरवून नाका, परवाना आणि जमीन यांबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. ज्यू सहभागीला घरी भाबडा किंवा घरभेदी म्हणतात. म्हणून तुमच्या वार्षिक अहवालासाठी चेहरे दिसणारे फोटो मागू नका. जी संस्था न मागताच असे फोटो पाठवते, तिच्याकडे मी दोनदा पाहीन. तिच्या विश्वस्तांत आणि पगारी कामात दोन्ही बाजूंची माणसे बरोबरीने आहेत का, पहिल्या भेटीनंतर तोच गट वर्षभर चालतो का, गळालेल्यांची नोंद ठेवतात का, हे पत्राने विचारा. चांगली संस्था उत्तर देताना अपयशेही सांगते.

दोन तरुणांबद्दल माझा सल्ला असा की त्यांना समेट शिकवायला पाठवू नका. तो त्यांचा झगडा नाही आणि त्यांना त्याची भाषाही येत नाही. कामाला हात मात्र लागतात. बेथलेहेमच्या दक्षिणेला नहालीन गावाजवळ नस्सार या लुथरन कुटुंबाची टेकडी आहे, जी त्यांच्या आजोबांनी 1916 मध्ये विकत घेतली. आजूबाजूला इस्राएली वसाहती, 1991 पासून जमिनीचा खटला, वीज-पाण्याची जोडणी नाही, 2014 मध्ये शेकडो फळझाडांवर फिरलेला बुलडोझर. आणि फाटकाजवळ दगडावर अनेक भाषांत लिहिलेले, आम्ही शत्रू होण्यास नकार देतो. 'टेंट ऑफ नेशन्स' या नावाने ते जगभरच्या स्वयंसेवकांना शेतीच्या कामाला घेतात. ऑलिव्ह तोडणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. नगरच्या मुलांना पाण्याच्या टाक्यांचे आणि दगडी बांधांचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परिस्थिती पाहून, प्रवासाची परवानगी आणि व्हिसाची नीट चौकशी करून मगच तिकिटे काढावीत.

जाणे झालेच, तर शेवटचे दोन-तीन दिवस लोद आणि रामला या शहरांसाठी राखून ठेवा. कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांपैकी बरीच तिथे राहतात. त्यांच्यातील वडीलधारी माणसे अजून मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचे त्यांचे मराठी नियतकालिक अनेक वर्षे निघत आले आहे, आणि एलियाहू हनावी, म्हणजे संदेष्टा एलीया, याच्या नावाचा मलिद्याचा विधी ते अलिबागसारखाच करतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा त्यांना आंदोलन करावे लागले आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. त्यामुळे दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. याच दोन शहरांतून 1948 च्या जुलैमध्ये हजारो अरब रहिवाशांना घालवले गेले, जे उरले त्यांची नातवंडे आज बाजूच्या गल्लीत राहतात, आणि 2021 च्या मे महिन्यात लोदमध्ये दोन्ही बाजूंनी दंगल, जाळपोळ आणि खून झाले. संत जॉर्जच्या जुन्या चर्चला तिथे मशीद खेटून उभी आहे. मराठी बोलणाऱ्या आजीबाईंकडे तुमच्या मुलांना चहा मिळेल, पोहेही मिळतील. हे घर आधी कोणाचे होते, हा प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीत विचारू नये. आजीबाईंनी आपण कोणत्या गावाहून आलो आणि तिथले घर कोणाला दिले हे सांगेपर्यंत बसावे, आणि निघताना पुन्हा येऊ का, एवढेच विचारावे.